चौकातली नवरी

रश्मीने चित्रकलेच्या तासाला पडवीची भिंत देऊन टाकली, तिथेच सगळं बिनसलं. मुलांना कागद पुरत नसत आणि रानशेतच्या त्या भाड्याच्या घराला भिंतींची काही कमी नव्हती. तिची मुलगी शितल आणि शितलचा धाकटा भाऊ शाळेत जात नसत, घरीच शिकत. नवरा यतीन डहाणूला रेल्वेत, त्यामुळे गणित, भाषा, चित्रकला आणि हेडमास्तरचा दरारा हे सगळं रश्मीकडे. तिने भिंतीला गेरू लावला, तांदळाचं पीठ कालवलं, कॅलेंडरवरचं एक चित्र समोर टांगलं आणि म्हणाली, "काढा!"

चित्र सुरेख होतं. नक्षीची चौकट, मधे देवी, बाजूला घोड्यावर जोडपं. ते कसलं चित्र आहे, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही.

संध्याकाळी शेजारची जिजा दारातच थबकली. "ताई, लगीन कोणाचा हाय?"

"कुणाचं नाही गं. मुलांचा तास आहे."

"चौक लिवला आन लगीन नाय?" जिजा पदर तोंडाला लावून हसली.

असा चौक लग्नघरीच लिहितात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताई लाजून लपवतेय, असा जिजाने उदार मनाने अर्थ काढला. आणि घरात लग्नाचा माणूस होताच. यतीनचा भाऊ प्रविण पस्तिशीला टेकला होता आणि त्याच आठवड्यात सगळ्यांबरोबर झरीला जाऊन सुषमाला पाहून आला होता. मुलगी त्याला इतकी आवडली की तेव्हापासून तो चहात साखर आहे की नाही, हेही सांगू शकत नव्हता. तिकडचा होकार यायचा होता.

जिजाने नवऱ्याला सांगितलं. हाल्या अच्छाडच्या ढाब्यावर कामाला, आणि दिवस फुकट सिमकार्डांचे; बातमी रात्रीतच फोनवरून झरीला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुषमाच्या वडिलांचा, शांताराम गुरुजींचा फोन आला.

"आम्ही आज होकार कळवणार होतो. तुम्ही तर दुसरीकडे उरकताय म्हणे!"

"अहो गुरुजी, ते नुसतं चित्र आहे!"

"चित्र? येतोच बघायला."

रश्मी ओलं फडकं घेऊन पडवीत धावली. तिथे जिजा वाडीतल्या बायका घेऊन हजर. कुणी हळद आणलेली, कुणी टोपलीभर भाजी.

"पुसतंस काय, ताई? लगीन लागल्याबिगर चौक पुसत नाय!"

बायकांनी गाणंही धरलं. रश्मीला रडूच कोसळायचं बाकी होतं. भोळ्या दिराचं जमत आलेलं लग्न तिच्या एका तासाने मोडणार होतं. पण रागवायचं तरी कुणावर? ती इथे नवी असताना याच बायकांनी तिला चूल पेटवून दिली होती, तापात पेज पाजली होती.

तेवढ्यात गुरुजींची मोटारसायकल आली. मागे खुद्द सुषमा, गाल फुगवून बसलेली.

"आता सांगा," गुरुजी भिंतीसमोर उभे राहिले, "नवरी कोण?"

"ही काय!" शितलने घोड्यावरच्या जोडप्यावर बोट ठेवलं. त्रिकोणावर त्रिकोण ठेवून केलेल्या त्या नवरीला डोक्याहून मोठा चष्मा होता आणि मांडीवर मांजर. "ही सुषमाकाकू. आणि हा आमचा काका. तुमच्याकडे त्याने पोहे खाल्लेच नाहीत, नुसता हिच्याकडे बघत होता."

"घोड्यावर आमचं मांजर?" गुरुजींच्या तोंडून एवढंच निघालं.

"घरी ठेवलं असतं तर काकू रडली असती ना!"

सुषमाने चष्मा काढला. ती हसता हसता डोळे पुसत होती.

गुरुजी खाकरले. "पोरांना शाळेत घातलं असतं, तर हा घोळ झाला नसता."

"शाळेत घातलं असतं, तर मी या भिंतीवर आलेच नसते, बाबा."

रश्मीने जिजाला घट्ट मिठी मारली. "चौक पुसू दिला नाहीत म्हणून निभावलं! कसे उपकार फेडू गं तुमचे सगळ्यांचे!" ती म्हणाली आणि रडायचं राहिलेलं रडून घेतलं.

एवढ्यात प्रविण रात्रपाळी करून, डबा हलवत अंगणात आला आणि गर्दी बघून जागीच थांबला.

"वहिनी, कोणाचं लग्न आहे?"

गुरुजींनी भिंतीवरची नजर काढली नाही. "तुमचं," ते म्हणाले. "चपला काढा आणि आत या."