रूपालीताईच्या तेराव्याचं वाण

सगळा घोटाळा झाला तो फणी-आरशावरून.

रूपालीताई गेली ती कपाळावरच्या कुंकवासकट गेली. अशी बाई गेली की तेराव्याला सवाष्णी जेवायला बसवतात, त्यांची ओटी भरतात आणि गेलेलीच्या नावाने त्यांना वाण देतात. वाणात काय द्यायचं तेही ठरलेलं असतं: खण, बांगड्या, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा. ताईच्या सख्ख्या मावशीने, नर्मदामावशीने, सामान सांगितलं, दाजींनी मान डोलावली आणि आणायला सुजितला पाठवलं. इथेच चुकलं. सुजितला काहीही आणायला पाठवलं की तो दुसरंच काहीतरी घेऊन येतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण दुःखात माणसं साध्यासुध्या गोष्टी विसरतात.

सुजित हा ताईचा धाकटा भाऊ. नववीत दोनदा बसला आणि दोन्ही वेळा बसूनच राहिला. आईवडील गेल्यावर ताईने त्याला सांगलीकडून उचलून बोईसरला आणलं आणि तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत चिकटवलं. त्या रंगामुळे त्याची नखं बारा महिने पिवळी असत. (हळद लागल्यासारखी. लग्नाचा मात्र पत्ता नव्हता.) ताई तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा त्याने कुणी न सांगता टक्कल करून घेतलं. गुरुजी म्हणाले, अरे, तुला याची गरज नव्हती. पण तोवर केस न्हाव्याच्या लादीवर पडले होते.

ताईचं नवापूर रोडला बायकांच्या सामानाचं दुकान होतं. बांगड्या, पिना, गाऊन, आतले कपडे असलं सगळं. पुरुषाने पायरीच्या वर यायचं नाही, असा तिचा नियम होता आणि सख्ख्या भावालाही त्यात सूट नव्हती. त्यामुळे किल्ली घेऊन शटर वर केलं तेव्हा सुजित त्या दुकानात जन्मात पहिल्यांदा आत शिरला. गल्ल्याशेजारी ताईची पाण्याची बाटली अर्धी भरलेली तशीच होती. स्टुलावर तिची उशी होती, मधोमध बसून बसून खोलगट झालेली. सुजित त्या उशीकडे बघून पोटभर रडला. मग डोळे पुसून त्याने फण्या काढल्या. फण्या प्लॅस्टिकच्या होत्या. आरसा तळहाताएवढा, त्यात तोंड बघायचं तर हप्त्याहप्त्याने बघावं लागेल असा.

ताईच्या नावाने ही असली फणी? ज्या बाईने आपल्याला वाढवलं, तिच्या नावाने बायकांच्या हातात काहीतरी वजनदार पडलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. सुजितच्या मनाने एकदा काही घेतलं की डोक्याला विचारायची पद्धत नव्हती. त्याने वरचं कपाट उघडलं. आत चकचकीत गुलाबी खोके होते. एकेक अक्षर लावत त्याने इंग्रजी वाचलं: मसाजर. म्हणजे पाठ चोळायची मशीन. स्टेशनबाहेर फूटपाथवर विकतात, त्यातलीच, पण भारीतली. आत चार्जरसुद्धा होता.

मशीन तीन तऱ्हेच्या होत्या आणि सुजितने त्या फार विचार करून वाटल्या. एक लांबट, लाटण्यासारखी. ती नर्मदामावशीला, कारण ती सगळ्यात मोठी आणि तिची पाठ कायम धरलेली. दुसरी मुठीत मावणारी, गुळगुळीत गोट्यासारखी. बटण दाबलं की हाताला झिणझिण्या येतील अशी थरथरायची. ती नवापूरच्या जमुनाताईला. जमुनाताई दारावर मासे घेऊन यायची, टोपलीने तिची मान आखडलेली असे. तिसरीला पुढे छोटंसं तोंड होतं आणि ती हवा आत-बाहेर करायची. सुजितने ती गालाला लावून पाहिली. गावाकडे आजी दुखऱ्या जागी तुंबडी लावायची, तसलाच प्रकार दिसला. खालच्या मजल्यावरच्या हंसाभाभीचा गुडघा सुजतो, तेव्हा ही तिला.

तेराव्याला सवाष्णी जेवल्या. ओट्या भरल्या. सुजितने पिवळ्या नखांनी एकेकीच्या हातात पिशवी दिली आणि वाकून नमस्कार केला. बायकांनी पिशव्यांत डोकावून पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं. हंसाभाभीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. (बघा, परकी बाई असून किती रडते, असं वाटून सुजितलाही भरून आलं.) नर्मदामावशी मात्र भजनी मंडळाची प्रमुख, एकादशीला शेजाऱ्याच्या घरातला कांदासुद्धा तिला वासाने कळायचा. तिने फक्त एवढंच विचारलं की हे कुणी निवडलं. सुजित छाती पुढे काढून मी म्हणाला. बरं, असं म्हणून मावशी निघाली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्याही लगबगीने निघाल्या.

दाजी गुरुजींना सोडून वर आले. ताई गेल्यापासून ते जेमतेम हो-नाही बोलत होते. ताटावर बसताना त्यांची नजर पाटावर तशाच पडलेल्या फण्यांकडे गेली.

"वाणात काय दिलंस?"

"मसाजर."

दाजींचा हात ताटातच थांबला. "वरच्या कपाटातले?"

"हो. फणी काय कुणीही देतं. हे पाठीला बरे..."

"सुजित, ते पाठीचे नाहीत."

"मग गुडघ्याचे?"

दाजींनी आधी छताकडे पाहिलं, मग हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, जणू परवानगीच मागत होते. मग खाली मान घालून, कंपनीत सेफ्टीच्या सूचना वाचतात तशा आवाजात, त्यांनी सगळं सांगितलं. ती बाईने स्वतःच्या शरीराच्या सुखासाठी, एकटीने नाहीतर नवऱ्यासोबत, वापरायची मशीन होती. कुठली, कुठे, तेही सांगितलं. तुंबडीचं सांगताना ते दोनदा थांबले.

सुजितच्या कानात एमआयडीसीचे सगळे भोंगे एकदम वाजले. तो म्हणाला, पण या सगळ्यांना तर नवरे आहेत.

"नवरा असतो त्या घरात जास्त लागतात," दाजी म्हणाले. "असं तुझी ताई म्हणायची." आणि एवढं बोलून त्यांनी वरणभात कालवायला घेतला. त्या भातात आणखी काय कालवत होते, ते त्यांनाच माहीत.

सुजितने ताट बाजूला सारलं. ताई असलं विकत होती, याचा धक्का एकीकडे, आणि आपण ते तिच्या तेराव्याला हळदीकुंकू लावून वाटलं, याचा धक्का दुसरीकडे. दोन्ही बाजूंनी धक्के बसल्यामुळे तो पडला मात्र नाही. त्याला एवढंच दिसत होतं की आता त्या बायका खोके उघडणार, कागद वाचणार आणि उद्यापर्यंत सगळं बोईसर म्हणणार, रूपाली असली होती होय. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. ताईचं नाव राखायचं तर तिन्ही खोके आजच्या आज परत आणले पाहिजेत. तो तसाच उठला आणि चपला शोधण्यात वेळ न घालवता दाजींच्या घालून पळाला.

जमुनाताई नवापूरच्या शेअर रिक्षात मागे बसली होती, रिक्षा भरायची वाट बघत. सुजितने धापा टाकत सांगितलं की चुकीची पिशवी गेली, परत दे, बदल्यात पैठणीचा खण देतो. रिक्षावाला आरशातून बघत होता. जमुनाताईने पिशवी मांडीखाली सरकवली.

"सवाष्णीच्या ओटीतला परत घेत नाय, भावा. पाप लागंल," ती म्हणाली. "आन बदलून काय देतंस? माजी पयली होती ती बर्फाच्या पेटीत पडली न् मेली. तुजी बहीण बोललेली, दुसरी आली का देते. तिनं शब्द राखला."

सुजितला वाटलं आपण ऐकलं ते बोलणं रिक्षाच्या आवाजात मिसळून भलतंच झालं असावं. पण रिक्षा तर बंद होती. जमुनाताईने त्याला जवळ बोलावून हळू सांगितलं की तिला हीच लागते, जोरकस थरथरणारी. दिवसभर वजन उचलून अंगाचा दगड होतो, हलकं काही केलेलं कळतच नाही. त्यावर झटपट उतारा हा एकच. मग तिने त्याच्या टकलावरून मायेने हात फिरवला आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली. रिक्षावाला वळणापर्यंत मान मागे वळवून सुजितकडेच बघत गेला.

एक तर आधीपासूनच जाणून होती. ठीक आहे, समुद्रकाठची बाई, धीट असते, असं मनाला समजावत सुजितने हंसाभाभीचं दार वाजवलं. दार साखळीएवढं उघडलं. आत तिच्या नवऱ्याच्या, हितेशभाईंच्या, घोरण्याचा आवाज येत होता. ती गुडघ्याची मशीन, तुंबडीसारखी, ती चुकून, एवढंच सुजित बोलला आणि हंसाभाभी दाराला धरून खाली बसली. दुपारी ज्याला तो रडणं समजला होता, तेच पुन्हा सुरू झालं. आता मात्र ते हसणं आहे हे त्याला नीट दिसलं.

"गुडघा," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

डोळे पुसत तिने कुजबुजत सांगितलं की आधीची थरथरणारी तिला मानवली नाही. सुरुवातीला बरं वाटायचं, पण जरा वेळाने मुंग्या येऊन सगळं बधिर, मग जिवंत आहोत की नाही तेही कळायचं नाही. तेव्हा रूपालीबेननी सांगितलं होतं की एक अशी येते की जी घासत नाही, दाबत नाही, नुसती फुंकर घातल्यासारखी हवा खेळवते. नवरात्रापासून ती तिची वाट बघत होती. ते सुख चढत चढत जातं म्हणे, घाई करत नाही, आणि मग... इथे हंसाभाभीची नजर सुजितच्या तोंडाकडे गेली आणि ती थांबली. लग्न झाल्यावर विचार, म्हणाली, आणि साखळी आत घेऊन दार लावलं.

आता उरली नर्मदामावशी. तिच्या घराचा जिना चढताना सुजितच्या पायांतून दाजींच्या चपला मागे राहत होत्या. त्या दोघींचं सोडा. पण मावशी? तिने ते खोलून पाहिलं असेल तर ताईचा फोटो ती देवघराशेजारून उचलून माळ्यावर टाकेल. कदाचित सुजितलाही टाकेल.

मावशी पलंगावर बसली होती. समोर खोका उघडा. मशीन तिने वर्तमानपत्रावर आडवी ठेवली होती आणि चष्मा लावून ती निरखत होती, बाजारात दुधी बघतात तशी.

"मावशी, ताईचा काही दोष नाही," सुजितने दारातूनच सुरुवात केली. "ती देवमाणूस होती. ते खोके कुणीतरी ठेवायला दिले असतील. तू तिला..."

"आत ये. दार लाव," मावशी म्हणाली. "ही मला नको. बदलून दे."

सुजितने दार लावलं आणि त्यालाच टेकला.

मावशीचं म्हणणं असं पडलं की सुजितने बरोबर पुरुषासारखी निवड केली. बायकोसोबत आलेल्या बाप्यांना खोके काढून दाखवले की पायरीवरून त्यांचं बोट जायचं ते या लांबड्याच मशीनकडे. त्यांना वाटतं जेवढं आत आणि जेवढं मोठं, तेवढं सुख. रूपाली त्यांना सांगून दमायची की बाबांनो, बहुतेक बायकांचं खरं सुख बाहेरच असतं, उंबऱ्यावर, आणि तुम्ही उंबरा ओलांडून थेट माजघरात घुसता. काहींना आतलं आवडतं, नाही असं नाही. काहींना दोन्ही मिळून लागतं. म्हणून तर रूपाली कुणालाही ही चांगली नि ती वाईट, असं सांगत नसे. आधी विचारायची. घाई आवडते की सावकाश, जोर लागतो की नुसता स्पर्श, वय काय, दुखतं का कुठे. पाळी गेल्यावर मावशीला दुखायचं. दवाखान्यात डॉक्टरणीने वयोमान म्हणून वाटेला लावलं. रूपालीने तेल कुठलं, मशीन कुठली, किती हळू चालवायची, सगळं समजावलं होतं.

सुजित दाराला पाठ घासत खाली बसला. त्याच मावशीने त्याला नागपंचमीला कात्री वापरली म्हणून झोडपलं होतं.

इतक्यात मावशीचे यजमान मारुतीकाका आतल्या खोलीतून आले. तारापूरच्या अणुवीज प्लांटमधून रिटायर झालेले, कानाला यंत्र. त्यांनी वर्तमानपत्रावर पाहिलं, मग सुजितकडे पाहिलं आणि मावशीला म्हणाले,

"नवी आली का? आवाज कमी आहे ना हिला? जुनीने मला बातम्या ऐकू येत नाहीत."

मावशी म्हणाली, बदलायला देतेय. काका बरं म्हणाले, सुजितला चहा घेणार का विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा टाकायला गेले.

सुजितने गुडघ्यांत तोंड घातलं. मावशीला वाटलं लाजला. पण बराच वेळ ते टक्कल वर येईना आणि खांदे हलायला लागले, तेव्हा ती पलंगावरून उतरली आणि त्याच्याशेजारी लादीवर बसली. धरलेली पाठ सांभाळत बसायला तिला वेळ लागला.

तो रडत होता ते निराळ्याच गोष्टीसाठी. जमुनाताईला ताई माहीत होती. हंसाभाभीला माहीत होती. दाजींना, मावशीला, कानाला यंत्र लावलेल्या काकांनासुद्धा माहीत होती. किती बायकांनी काय काय दुखणी तिच्यापाशी मोकळी केली आणि तिने ती पोटात ठेवली. आणि जो तिच्या हातचं खाऊन मोठा झाला, तो एकटा पायरीवर उभा राहिला. ताईचं नाव राखायला तो गावभर पळाला, तर ते नाव घराघरांत आधीच जपून ठेवलेलं निघालं.

"सगळ्यांना सांगितलं तिने," तो म्हणाला. "मलाच का नाही सांगितलं?"

मावशीने पदराने त्याचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"मी विचारलं होतं तिला एकदा," ती म्हणाली. "म्हणाली, सुजितला नको गं. तो भाबडा आहे. त्याच्या हाताला लागलं तर गावभर वाटत सुटेल."