हरवलेली सहावी उडी

"मॅडम, मंगळावर कुणी उडी मारली, तर मंगळाला कळतं का?"

एवढं विचारून नाकतोडा मटकन खाली बसली. नाकतोडा हे तिचं घरचं नाव. आनंद झाला की ती जागच्या जागी उड्या मारते, म्हणून बाबांनी ठेवलेलं. तिच्या परीक्षेचे मार्क खालच्या मजल्यावरच्या काकूंना नुसत्या छताकडे बघून कळतात.

प्रश्न खरं तर तिचा नव्हता. शाळेत भाषणाला आलेल्या ग्रहशास्त्रज्ञ बाईंना सगळ्यात येडपट प्रश्न विचारून दाखव, अशी मागच्या बाकावरच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. गेल्या वर्षापर्यंत ही हजेरीलासुद्धा कुजबुजत 'हजर' म्हणायची. यंदा तिला कंठ फुटला, आणि फुटला तो असा.

सभागृह खिदळलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्या अकरा वर्षं ताटकळत होत्या.

"कळतं ना," त्या म्हणाल्या. "फक्त ऐकायला कुणीतरी पाहिजे."

मग त्या ज्या सुटल्या, त्या घंटा झाली तरी थांबेनात. ग्रहाचं पोट फाडून बघता येत नाही, म्हणून त्याच्या पोटाला कान लावायचा. हादरा आतून फिरून येतो आणि येताना आतल्या बातम्या घेऊन येतो. बाईंनी तसा कान बनवला होता, पातेल्याएवढं भूकंपमापक यंत्र. मंगळावरची हवा अगदी विरळ, पण तिथली वावटळसुद्धा जाता जाता जमिनीला केसभर वर ओढते, आणि यंत्राला तेवढंही कळतं. सध्या ते संस्थेच्या तळघरात दहा दिवसांच्या परीक्षेला बसलं होतं. परीक्षा शांततेची: आसपास काहीच हलत नसताना यंत्राची रेषा सरळच राहायला हवी. पास झालं, तर सोमवारी यानाकडे रवाना. नापास झालं, तर यान त्याच्याशिवाय जाणार, आणि पुढचं यान कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"शनिवारी ये बघायला," बाई म्हणाल्या. पैज लावणाऱ्या दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

शनिवारी सकाळी ती संस्थेत हजर. तळघरात चपला काढून, मांजराच्या पावलांनी जायचं, आणि शिंक आली तर जिन्याकडे पळायचं, असा नियम होता. लिफ्ट दहा दिवस बंद, पाण्याचा पंपही बंद. शास्त्रज्ञ मंडळी बादल्या घेऊन तिसरा मजला चढत होती, आणि कुरकुर एकाच्याही तोंडून नाही. काचेच्या दाराआड, दगडी चौथऱ्यावर ते पातेलं बसलं होतं. बाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, की हे एकदा तिथं पोचलं की परत येणार नाही. आपण सगळे म्हातारे होऊ, तरी ते तिथंच कान लावून बसलेलं असेल.

तेवढ्यात प्रमुखांचा निरोप आला. सावकाश वर ये, असं सांगून बाई गेल्या.

ती दोन दारं ओलांडून बोळात आली. इथून यंत्राला काही कळणार नाही असं तिला वाटलं, किंवा वाटायच्या आधीच पाय सुटले. बरोबर नऊ उड्या. बरोबर, कारण ती शाळेच्या दोरीउड्यांच्या संघात होती. पाय उचलला की मोजणी आपोआप सुरू व्हायची.

ती वर पोचली, तर एका पडद्याभोवती सगळी संस्था गोळा झालेली. सरळ रेषेवर उंटाच्या पाठीसारखे उंचवटे. यंत्रावर डोळा ठेवणारे काका चष्मा कपाळावर चढवून एकेक कारण खोडत होते. पंप? बंद. लिफ्ट? बंद. रस्ता? पलीकडच्या अंगाला. माणूस? तळघराच्या नोंदवहीत आज कुणाचंच नाव नव्हतं. बाई इतक्या खुशीत पाहुणी घेऊन खाली उतरल्या होत्या, की नोंद करायची राहूनच गेली होती. त्यांनी ते कबूल केलं, आणि लगेच पाहुणीची बाजूही घेतली.

"ती कसली हलते? श्वाससुद्धा रोखून उभी होती बिचारी."

बिचारीचा श्वास आता खरोखरच अडकला.

शेवटी एकच कारण उरलं: यंत्राच्या आतली स्प्रिंग आपोआप ठोके देतेय. म्हणजे यंत्र नापास. प्रमुखांनी मान हलवली. बाई खुर्चीत बसल्या, कीबोर्ड पुढे ओढला आणि यंत्र येणार नाही असं यानवाल्यांना कळवायचं पत्र लिहायला लागल्या. अकरा वर्षांचं काम चार ओळींत मावणार होतं. दुसरी ओळ सुरू झाली होती.

गपचूप घरी जावं, असं तिच्या मनात आलंच नाही असं नाही. जिना चार पावलांवर होता.

"मॅडम, पत्र नका पाठवू. यंत्र चांगलंय. त्या उड्या आहेत. माझ्या."

खोलीत ती शांतता पसरली, जी दहा दिवस तळघरात हवी होती. मग काका असे हसले, की कपाळावरचा चष्मा नाकावर येऊन आदळला. बाईंना रागवायचं होतं, पण चेहरा काही केल्या रागाचा होईना.

"किती मारल्यास गं?"

"नऊ."

काकांनी पडद्यावर बोट फिरवलं. "आठच दिसतायत. चुकली असशील मोजायला."

आत्तापर्यंत मान खाली घालून उभी असलेली मुलगी ताडकन ताठ झाली. "काका, मी दोरीवर सलग तीनशे मारते. नऊ मोजायला चुकेन?"

बाई पडद्यावर वाकल्या. उंचवट्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं होतं, फक्त पाचव्यानंतर दुप्पट. सहावी उडी बोळात पडली होती आणि यंत्राच्या कानावरच गेली नव्हती. आता कुणी हसेना. दहा दिवस सगळ्यांनी जिवापाड शांतता पाळली होती, आणि शांततेतली क्षणभर शांतता हरवली, तर ती कळणार कुणाला? मंगळावर गेल्यावर नेमका मोठा हादरा असाच निसटला असता.

त्यानंतर जे झालं, ते त्या संस्थेत पूर्वी कधी झालं नव्हतं. नियम मोडणारीलाच नियमानुसार खाली पाठवलं. नोंदवहीत तिचं नाव आलं आणि पुढे, कामाचं स्वरूप: उड्या. तीनशे मारल्या, त्यातल्या अकरा यंत्राने गिळल्या. ऐकलेलं साठवून ठेवताना ते पापणी लवेपर्यंत ऐकायचंच थांबत होतं. काकांनी दुपारभर डोकं खुपसून ते दुरुस्त केलं. मग पुन्हा तीनशे, आणि तीनशेच्या तीनशे उंचवटे पडद्यावर. प्रमुखांनी फोनवर यानवाल्यांकडून थोडी सवड मागून घेतली. परीक्षा पहिल्यापासून होणार होती, पण यंत्र जाणार होतं. ती बातमी ऐकून बाईंनी स्वतःच एक उडी मारली. अर्थात तिसऱ्या मजल्यावर, आणि वेळ नोंदवून.

मधल्या काळात काकांनी तिच्या घरी फोन करून सांगितलं होतं, की तुमची मुलगी सुखरूप आहे, फक्त तिच्या थोड्या उड्या बाकी आहेत. त्यामुळे संध्याकाळी ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत आली, तेव्हा आई-बाबा दोघंही दारातच उभे होते. आईचा पहिला प्रश्न, पाय दुखतायत का. दुसरा, काय नुकसान केलंस.

ती चपला न काढताच सांगत सुटली. हादरा, वावटळ, सहावी उडी, पत्राची दुसरी ओळ. बाबांनी मध्ये काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तिने हात वर केला.

"थांबा. मी ठरवलंय. मोठी झाल्यावर मी ग्रहांचंच काम करणार, आणि ते पुढच्या शनिवारपासून सुरू होतंय. मॅडमना परीक्षा पुन्हा सुरू करायच्या आधी वेगवेगळ्या वजनांच्या उड्या हव्यात, म्हणून तुम्ही दोघंही येताय. तुमची वजनं मी सांगून आलेय."