फक्त अर्धा मैल

"माझी पुस्तिका हातात असताना या शहरात मुद्दाम हरवायचं म्हटलं, तरी कुणाला जमणार नाही!" रविवारी सकाळी सिक्स्टेन ल्युंगने जाहीर केलं आणि कॉफीचा कप टेबलावर असा ठेवला की जणू शिक्काच मारला!

त्याची बायको गुनव्होर पाचव्या प्रकारच्या बिस्किटांचं पीठ लाटत होती. पाहुण्यांच्या कॉफीला सात प्रकार लागतात. सहा केले तर कंजूस आणि आठ केले तर भपकेबाज, अशी तिची आई सांगायची.

"हरवणार नाहीत, पण वाचता वाचता म्हातारे होतील," ती म्हणाली. "अकरा पानं लिहिलीस तू, सिक्स्टेन! माणसं पहिलं पान वाचतात आणि शेवटचं वाचतात. मधलं फक्त लिहिणारा वाचतो."

सिक्स्टेनने दुर्लक्ष केलं. अडतीस वर्षं तो शहराच्या मोजणी खात्यात होता. गोथेनबर्गमधला असा एकही फुटपाथ नव्हता, ज्याच्यावरून त्याने लांब दांड्याचं, दर मीटरला टक्‌ वाजणारं आपलं मोजचाक फिरवलं नव्हतं. तो निवृत्त झाला, पण चाक झालं नाही. इतरांच्या घरी छत्री जिथे असते, तिथे ते दिमाखात उभं असे. गुनव्होर त्याला धाकटी सवत म्हणायची.

आजची मोहीम मात्र मोजणीची नव्हती, मुत्सद्देगिरीची होती! मुलगी तूव्हाचं एलियटशी लग्न ठरलं होतं. एलियट इथल्या बंदरात नोकरीला होता, पण त्याचे आईवडील डेस्मंड आणि मॉरीन इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहत. ते पहिल्यांदाच आले होते, एलियटची नेमकी आज बंदरात पाळी होती, आणि या भेटीत एकच प्रश्न सुटायचा होता: लग्न कुठे करायचं? त्यांच्या खेड्यात की इथे?

सिक्स्टेनच्या मनात जागा पक्की होती. मास्थुगच्या टेकडीवरचं लाल विटांचं चर्च. त्याचं स्वतःचं लग्न तिथेच झालं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा मनोरा दिसे आणि गेली एकतीस वर्षं तो मनोऱ्याकडे बघत दात घासत असे. पण सरळ सांगितलं तर व्याही बिचकतील. म्हणून त्याने नऊ ठिकाणांची एक पायी सहल आखून दिली होती. पुस्तिका घ्या, हॉटेलातून निघा आणि आपले आपण फिरा. आठवं ठिकाण म्हणजे ते चर्च, आणि नववं ठिकाण सिक्स्टेनचं घर.

"टेकडीवर उभे राहतील," तो डोळे मिटून म्हणाला, "खाली बंदर दिसेल, समुद्राचा वारा लागेल, आणि मॉरीनबाई आपणहून म्हणतील, लग्न इथेच!"

"मग तू सोबत का जात नाहीस, पप्पा?" तूव्हाने विचारलं.

"मी गेलो तर ते माझं मत होईल. एकटे गेले तर ते त्यांचं मत होईल!"

"पण डेस्मंडच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलाय. डॉक्टरांनी त्यांना बेताने चालायला सांगितलंय."

"बेताचंच आहे की! पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, फक्त अर्धा मैल!"

"हां, मग ठीक आहे," तूव्हा म्हणाली. ते पान तिने तपासलं होतं. गुनव्होरने तपासलं होतं. वाचनालयातल्या बाईंनी तर इंग्रजीच्या चौदा चुकाही दुरुस्त केल्या होत्या. 'अर्धा मैल' कुणालाच खटकला नव्हता.

शेवटचं पान सिक्स्टेनने प्रेमाने लिहिलं होतं. 'आता तुम्ही अर्धा मैल चाललात! समोर पिवळं घर दिसेल. दाराशी झेंडा असेल. दार उघडंच आहे. घंटा वाजवू नका, बूट काढा आणि आत या. ओव्हनचा खमंग वास येईलच!'

पाहुणे दहाला निघणार होते. पाच किलोमीटर, नऊ ठिकाणं, एक गुडघा: सिक्स्टेनच्या हिशेबाने ते एक वाजता पोचायला हवेत. तो झेंडा इस्त्री करायला उठला.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी तूव्हाचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पोचलो गं राणी!" मॉरीनचा आवाज आनंदाने ओसंडत होता.

"कुठे पोचलात?"

"कुठे म्हणजे? तुमच्या घरी! काय सुंदर घर आहे! आणि तुझे बाबा किती तरुण दिसतात!"

सदुसष्ट वर्षांचे बाबा एका हातात इस्त्री आणि एका हातात झेंडा धरून लेकीकडे बघत राहिले.

"बाबा... काय करताहेत?" तूव्हाने सावध विचारलं.

"डेस्मंडला स्वयंपाकघर दाखवताहेत. आत्ताच सगळे खण उघडून दाखवले, अगदी कचऱ्याच्या डब्याचासुद्धा! फार मोकळा माणूस! आणि तुमचा गोतावळा केवढा गं! दहा-बारा जण आलेत आम्हाला भेटायला. जरा अबोल आहेत, एवढंच. तुझ्या मावशीला मी मिठी मारली, तर ती कपाटात शिरली."

"मला बहीण नाही," गुनव्होर कुजबुजली.

सिक्स्टेनला राहवेना. तो फोनवर वाकला. "चर्च पाहिलंत का? चर्च?"

"पाहिलं ना! पण देवाच्या जागी बर्फावर कोळंबी मांडली होती. तुमच्यात तशी पद्धत असेल. बरं, ठेवते हं, कॉफी आली!"

फोन बंद झाला.

"मासळीबाजार," सिक्स्टेन खोल आवाजात म्हणाला. कालव्याकाठचा मासळीबाजार चर्चसारखा दिसतो म्हणून सगळं शहर त्याला मासळीचं चर्च म्हणतं. सहलीतलं ते पहिलं ठिकाण होतं. पुढची सात कुठे गेली?

तूव्हाने पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, हा अर्धा मैल... आपला की त्यांचा?"

सिक्स्टेनने इस्त्री खाली ठेवली.

त्याचं असं आहे. इंग्रजांचा मैल सोळाशे नऊ मीटरचा. स्वीडनमध्ये मात्र मैल म्हणजे दहा किलोमीटर. इथे तान्ह्या मुलालाही मैल म्हणजे दहा किलोमीटरच वाटतात. इंग्रजी मैल सिक्स्टेनला माहीत नव्हता, असं नाही. मोजणी खात्यात तोच नव्या लोकांना एककं शिकवायचा! पण माहीत असलेली गोष्ट लिहिताना आठवेलच असं नसतं. पाच किलोमीटरसाठी त्याच्या हाताने सवयीने 'अर्धा मैल' लिहिलं. व्याह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने बरोबर आठशे पाच मीटरवर 'अर्धा मैल' झाल्याची शिटी मारली, आणि त्यांनी सरळ शेवटचं पान उघडलं!

"मी सांगत होते. पहिलं पान आणि शेवटचं," गुनव्होर म्हणाली.

सिक्स्टेनने डोळे मिटले आणि डोक्यातलं शहर उलगडलं. "हॉटेलपासून आठशे पाच मीटर... जुन्या लाकडी घरांची पेठ! बेकरीच्या पुढची दुसरी गल्ली!"

"तिथे पिवळं घर आहे?"

"तिथे सगळीच घरं पिवळी आहेत!"

तिघं ट्रामकडे धावली. सिक्स्टेनच्या हातात अजून झेंडा होता.

त्या गल्लीत खरोखरच एका पिवळ्या घराच्या दाराशी झेंडा फडकत होता. त्यावर घरं विकून देणाऱ्या दलालाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: आज घर पाहायला या. रविवार होता ना! सगळ्या शहरात रविवारी घरं दाखवतात. दारं सताड उघडी, फुलदाणीत ताजी फुलं, आणि घर मायेचं वाटावं म्हणून ओव्हनमध्ये पाव!

सिक्स्टेन जिना चढला. आत जीव अडकला होता, तरी बूट काढूनच शिरला. घरभर माणसं पायांत प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या घालून भिंती ठोकून बघत होती. मधोमध सोफ्यावर मॉरीन बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाव वाढत होती.

"नाव आणि फोन नंबर लिहा हं," दारातला तरुण दलाल म्हणाला. त्याचं नाव मेल्कर.

"त्या बाई माझ्या पाहुण्या आहेत!" सिक्स्टेन धापा टाकत म्हणाला.

मेल्करचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीही घेताय? उशीर झाला बघा. त्या बाईंना घर फारच आवडलंय. दर उन्हाळ्यात येऊन राहणार म्हणाल्या. आमची खोली कुठली, म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, हवी ती घ्या! साहेब तर गादी कशी आहे ते बघायला गेले ते अजून बघताहेत."

झोपायच्या खोलीतून डेस्मंडच्या घोरण्याचा आवाज येत होता.

मॉरीनने सिक्स्टेनला पाहिलं. लाल चेहरा, नाकावर पिठीसाखर आणि हातात झेंडा. तिला फार दया आली.

"या, या, लाजू नका!" ती म्हणाली. "तुम्ही शेजारी का? पाव घ्या ना. आमच्या व्याह्यांनी स्वतः भाजलेत!"

आणि सिक्स्टेन ल्युंगला आयुष्यात पहिल्यांदा आपण कुठे आहोत ते समजेना!

उलगडा करायला तूव्हाला वीस मिनिटं लागली. मॉरीनने आणलेला फळांचा केक मेल्करकडून परत घ्यावा लागला. त्याने तो आधीच कापला होता. कपाटातल्या मावशीबाईंची माफी मागितली गेली. डेस्मंडला उठवलं, तेव्हा तो म्हणाला, "उत्तम पाहुणचार!" आणि हसत सुटला. मॉरीनही पोट धरून हसली. फक्त सिक्स्टेन हसला नाही.

"चर्च," तो तूव्हाच्या कानात म्हणाला. "अजून वेळ आहे. टॅक्सीने टेकडीवर नेऊ."

पण टॅक्सीतून चर्चपाशी उतरायचं, तर पुढे पायऱ्या होत्या. डेस्मंडने गुडघ्यावर हात ठेवून प्रेमळपणे विचारलं, "किती आहेत?"

सिक्स्टेनने तोंड उघडलं. गुनव्होर आणि तूव्हा, दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं. टॅक्सी पुढे निघाली. बंदर डावीकडे सहा सेकंद दिसलं.

घरी सात प्रकार मांडले होते. पाहुण्यांनी आधीच्या घरी चार-चार पाव खाल्ले होते, त्यामुळे प्रत्येकी दीड बिस्किट गेलं. गुनव्होरने आठवडाभर ही गोष्ट विसरू दिली नाही. "बाजारातले गोठवलेले पाव! आणि माझ्या केशराच्या वड्यांना कुणी हातसुद्धा लावला नाही!"

शेवटी मॉरीननेच विषय काढला. "आमच्या गावचं चर्च अगदी सपाटीवर आहे. एकही पायरी नाही."

सिक्स्टेन खिडकीतून मनोऱ्याकडे बघत होता. तूव्हाला राहवेना. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पप्पा, त्यांच्याकडे एक वेगळं असतं बरं का. आपल्याकडे नवरानवरी जोडीने चालत जातात. त्यांच्यात मुलीला तिचे वडील घेऊन जातात, दारापासून थेट वेदीपर्यंत. सगळ्यांच्या देखत."

सिक्स्टेन वळला. त्याला नाक शिंकरावं लागलं.

"किती अंतर असतं ते?" त्याने विचारलं.

"बावीस पावलं," डेस्मंड म्हणाला. "मी स्वतः मोजलीत."

त्या क्षणी सिक्स्टेनला व्याही अतिशय आवडला.

लग्न जूनमधलं ठरलं, डेस्मंडच्या खेड्यात. डेस्मंडने स्वीडनच्या पाहुण्यांसाठी चार पानी पत्र पाठवलं होतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: 'मुक्कामापासून चर्च अर्धा मैल. ओढ्याकाठची वाट, चालायला छान.' शेवटच्या पानावर होतं: 'बारा वाजता, दारात.'

"अर्धा मैल!" लग्नाच्या सकाळी नवे बूट चढवत सिक्स्टेन म्हणाला. "म्हणजे आठशे पाच मीटर. आता मला कुणी शिकवायला नको! तुम्ही गाडीने व्हा पुढे. मी दहा मिनिटं मोकळ्या हवेत चालतो. मन शांत होईल."

तो साडेअकराला निघाला, तेही लवकरच म्हणून. सहाशे मीटर झाले, सातशे झाले, आठशे पाच झाले. समोर एक कुंपण होतं आणि पलीकडे मेंढ्या होत्या. चर्च नव्हतं.

सिक्स्टेनने खिशातून पत्र काढलं आणि पहिल्यांदाच दुसरं पान वाचलं. डेस्मंडने ते प्रेमाने लिहिलं होतं. 'स्वीडनच्या मित्रांनो, गेल्या वेळचा घोळ पुन्हा नको, म्हणून या पत्रातली सगळी अंतरं मी तुमच्या मैलांत दिली आहेत!'

तो साडेबाराला पोचला. शेवटचा टप्पा त्याने मेंढ्यांच्या गाडीतून पार केला होता. चर्चच्या दारात तूव्हा शुभ्र पोशाखात उभी होती आणि रडू की हसू, हे तिचं ठरत नव्हतं. सिक्स्टेनच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. त्याने बूट काढून उंबऱ्याबाहेर नीट ठेवले, लेकीचा हात हातात घेतला आणि मोज्यांवरच आत शिरला. एक, दोन, तीन... बरोबर बावीस पावलं! एकही चुकलं नाही!

पहिल्या बाकावर मॉरीनने शेजारणीच्या कानात सांगितलं, "त्यांच्यात कुठेही शिरताना बूट काढतात. अगदी घरसुद्धा बघायला गेले तरी!"

डेस्मंडने ते ऐकलं आणि व्याह्यांचा मान राखायचा म्हणून खाली वाकून आपल्या बुटाची नाडी सोडली. त्याचं बघून त्याच्या भावाने सोडली.

लग्नाच्या फोटोत नवरानवरी सोडून पहिल्या रांगेतले सगळे मोज्यांवर आहेत.