तामसीचा समुद्री ओटा

"साब, अपने इधर समुंदर किधर है?" सुधाकररावांनी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं.

"नहीं है, इसीलिए तो रेती साथ में दिए ना," मोठे साहेब म्हणाले. "तामसी के बस स्टॉप पे एक ओटा बना डालो. मैं आके देखता."

सत्याऐंशी सालचा उन्हाळा होता. बांधकाम खात्यातले ज्युनिअर इंजिनिअर सुधाकरराव नुकतेच समुद्रकाठच्या काकीनाड्याहून शिकून आले होते. समुद्राची रेती आणि शिंपल्यांचा चुरा घालून खाऱ्या हवेत टिकणारं काँक्रीट कसं करायचं, हे तिथे शिकवलं होतं. प्रत्येक जिल्ह्यातून एक माणूस हवा होता. समुद्र नसलेल्या आदिलाबादेतून कुणी तयार होईना, म्हणून यांना पाठवलं आणि येताना नमुन्याची पोती गळ्यात मारली. त्या पोत्यांच्या वासापायी कंडक्टरने त्यांना बसच्या टपावर बसवून आणलं होतं.

रेती वापरण्याआधी गोड्या पाण्याने चांगली धुवायची असते. सुधाकररावांनी तामसीचे सरपंच उद्धवराव यांच्याकडे पाणी मागितलं.

"इथं माणसाले प्याले पाणी नाही," उद्धवराव शांतपणे म्हणाले. "अन् तुमी रेतीले आंघोळ घालून राह्यले?"

"मीठ निघालं पाहिजे हो त्यातलं."

"काऊन? राहू द्या थोडं. खाऱ्या हवेतच टिकायचं हाये ना त्याले?"

कालवण्यापुरतं आणि ओटा ओला ठेवण्यापुरतं पाणी मिळालं, तेवढ्यावर रेती न धुताच काम उरकलं. आत लोखंडी सळ्या नाहीत, तेव्हा गंजायचं काही नाही, अशी सुधाकररावांनी स्वतःची समजूत घातली. ओटा झालाही देखणा. शिंपल्यांचे पांढरे तुकडे उन्हात चमकत होते.

पहिल्यांदा त्यावर एक शेळी चढली आणि चाटू लागली. दुसऱ्या दिवशी शेळ्यांचा कळप आला, मग बैल. शेवटी गावातल्या रुक्माबाईची म्हैस आली ती ओट्याला जीभ लावून उभीच राहिली. प्रवासी रस्त्यात, जनावरं थांब्यावर, आणि बसवाला दोघांच्या मधे भोंगा वाजवतोय.

रुक्माबाई सुधाकररावांना शोधत आली. "सायेब, माही म्हैस दूध काढाच्या वक्ताले घरी येत नाही. तुमी काय कालवलं त्याच्यात?"

"बाई, तिला बांधून ठेवा."

"दावं तोडलं तिनं. तुमी तुमचा ओटा बांधून ठेवा."

सुधाकररावांनी खरोखरच ओट्याभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. शेळ्यांनी आधी पाला खाल्ला, मग आत शिरून मीठ चाटलं. काट्यांतून माणसांना मात्र जाता येईना. काट्या काढायलाही सुधाकररावांनाच यावं लागलं. त्यांच्या बोटांत दोन काटे मोडले.

अशात साहेबांची जीप आली. म्हैस ओट्यावर पुढचे पाय टेकून निवांत चाटत होती. सुधाकररावांनी तुटक्या दाव्याला धरून ओढलं, ती हलेना. उद्धवराव मागून ढकलत होते. साहेब हातोडी घेऊन तिच्या पोटाखालून वाकले आणि त्यांनी ओटा ठोकून पाहिला. खणखणीत आवाज आला.

"कब से चाट रही ये?"

आता नोकरी गेली, असं समजून सुधाकरराव म्हणाले, "साब, महिना होत आया. रोज."

"पूरे गाँव के जानवर?"

"जी."

साहेबांनी ओट्यावरून हात फिरवला. एक कण सुटला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. "मैं सोच रहा था, इधर लहरों का टेस्ट कैसे करेंगे. ये टेस्ट तो लहरों से भी सख़्त हो गया." त्यांनी सुधाकररावांच्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास. और रेती मँगाता हूँ. हर बस स्टॉप पे यही ओटा बनाओ."

जीप धुरळा उडवत निघून गेली. उद्धवरावही घरी गेले. बसला अजून वेळ होता. सुधाकरराव आपण बांधलेल्या ओट्यावर पहिल्यांदाच टेकले. म्हैस समोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. थोडा वेळ त्यांनी दुसरीकडे बघून पाहिलं.

मग ते उठले आणि त्यांनी तिला जागा दिली.