फ्री म्हणजे मोकळं

रविवार, ९ जानेवारी १९७७. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कुंडल गावाच्या खालच्या अंगाला माझ्या मेव्हण्याचा उसाचा मळा. मळ्यात उसानं भरलेला एक ट्रक, पुढच्या दोन्ही चाकांनी चिखलात बसलेला. ट्रकजवळ मी.

(बावीस वर्षं बातमीदारी केल्यामुळे घटना आधी आणि रडगाणं नंतर, ही माझी सवय आहे.)

आता रडगाणं. मेव्हणा मानसिंग लष्करात ड्रायव्हर होता. पेन्शनीत निघाल्यावर त्यानं लष्कराच्याच लिलावातला एक जुना वन-टन ट्रक घेतला. मळ्यातला ऊस रस्त्यापर्यंत काढायला तो नामी होता, कारण गिअर टाकला की त्याची चारी चाकं ओढत. पण डांबरी रस्त्यावर पुढची चाकं उगीच जड चालतात, पेट्रोल खातात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. त्यावर उपाय म्हणून पुढच्या चाकांच्या मधोमध, ती हवी तेव्हाच ओढतील असे, नव्या तऱ्हेचे हब बसवायचं ठरलं. ते घ्यायला नोव्हेंबरात आम्ही दोघं सांगलीला गेलो. मी का? तर हबवर इंग्रजी असतं आणि सासुरवाडीत बी. ए. झालेला मी एकटा.

दुकानदारानं दोन जोड्या पुढे ठेवल्या. "हा ऑटोमॅटिक. आत बसून गिअर टाकायचा, आपोआप लागतो. आणि हा हाताचा. खाली उतरायचं, चाकावरची चकती फिरवायची, मग दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरी."

"दाजी, ऑटोमॅटिकच घिऊ," मानसिंग म्हणाला. "थंडीच्या दिसात फाटंचं चिखलात उतरायचं म्हंजी बोटं वाकत न्हाईत."

"पंधरा वर्षं लष्करात काढलीस आणि थंडीला भितोस?"

"ती थंडी सरकारी हुती, दाजी. ही घरची हाय."

तेवढ्यात दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, "ऑटोमॅटिकचं एक आहे साहेब, गाडी मागं घेताना तो सुटतो."

झालं! मी उसळलो. (आणीबाणीच्या त्या दिवसांत आमची बातमी छापण्याआधी एक सरकारी साहेब वाचत. मी पाठवलेल्या मजकुरातलं हवामान तेवढं धडधाकट बाहेर येई. त्यामुळे माझी सगळी लढाऊ वृत्ती घरात आणि सासुरवाडीत खर्च होत असे.) मी गरजलो, "आपोआप लागतो आणि आपोआप सुटतो! विचारलं कोणी त्याला? मानसिंग, जे काही करायचं ते माणसानं, स्वतःच्या हातानं, डोळे उघडे ठेवून. हाताचाच घ्यायचा!"

मानसिंगनं हाताचा घेतला. हा निर्णय माझा होता आणि तो योग्य होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. गडबड पुढे झाली.

चकतीवर दोनच शब्द होते : फ्री आणि लॉक. दुकानदार समजावून सांगू लागला, तेव्हा "मला इंग्रजी येतं" असं म्हणून मी त्याला थांबवलं. सोबत बारीक अक्षरांतलं एक माहितीपत्रकही होतं. ते मी वाचलं नाही. (दोन शब्दांसाठी पदवीधर माणूस माहितीपत्रक वाचत नाही.) घरी येऊन मी एक चिठ्ठी लिहिली आणि स्टिअरिंगशेजारी चिकटवली :

चालवतांना – फ्री.
उभी करतांना – लॉक.

चालताना चाक मोकळं हवं आणि उभं राहिल्यावर त्याला कुलूप हवं. यात न समजण्यासारखं काय आहे? मानसिंगनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि सॅल्यूट ठोकला. लष्कराच्या गाड्यांना असले हब नसत, त्यामुळे त्यालाही दुसरं काही ठाऊक नव्हतं. दोन महिने जमीन कोरडी होती. सगळं बिनबोभाट चाललं.

नऊ जानेवारीला मात्र आदल्या रात्रीच पाट फुटून मळ्याचं एक टोक ओलं झालं होतं. त्या टोकाला ट्रक भरला आणि तिथंच रुतला. पुढे पाट, म्हणजे मागेच निघायला हवं. वर रस्त्यावर साखर कारखान्याचा मोठा ट्रक उभा. त्याचा ड्रायव्हर बांधावरून ओरडत होता, "नऊ वाजेस्तोवर थांबतो! न्हाईतर दुसऱ्याचा ऊस भरून जानार. मग तुमची पाळी आट दिसांनी!" तोडलेला ऊस आठ दिवस उन्हात पडला की त्याचं सरपण होतं. वर्षभराची मेहनत त्या चिखलात अडकली होती.

मानसिंगनं चारी चाकांचा गिअर टाकला. मागची चाकं गरगरली. पुढची ढिम्म.

"दाजी, फुडची वडंनात!"

"दोन्ही फ्री आहेत ना?"

"फ्रीच हाईत की! तुमीच फिरवलीसा."

माझ्या मनात एकदम लख्ख प्रकाश पडला. दुकानदारानं फसवलं! मी खांद्यावरची शबनम पिशवी ट्रकात टाकली, पेन आणि कागद घेतले, आणि बांधावर ट्रककडे पाठ करून लिहायला बसलो. मथळा : 'ग्राहकाच्या गळ्याला सुरी!' (या मजकुराला साहेबांची हरकत असायचं कारण नव्हतं.)

इतक्यात न्याहारी घेऊन दोघीजणी आल्या : सासूबाई रंगूबाई आणि माझी पत्नी अंजना. अंजना सातवीपर्यंत शिकली आहे, पण माझी सगळी प्रूफं घरी तीच तपासते आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाची तिला कधी दया येत नाही.

सासूबाईंनी चाकाकडे बघितलं. "जावईबापू, ह्यावर काय लिवलंय?"

"फ्री, मामी. फ्री म्हणजे मोकळं."

"आन दुसरं?"

"लॉक. म्हणजे अडकवलेलं."

"मग मोकळ्या बैलानं गाडी वडल्याली कवा बगितलीसा? शिवळा घालून जुवाला अडकावल्याबिगर त्यो वडतोय व्हय?"

"मामी, हे बैलाचं नाही, यंत्राचं शास्त्र आहे," मी म्हणालो. समजावून सांगायला वेळ नव्हता. दुसरा परिच्छेद रंगात आला होता.

अंजना म्हणाली, "आवं, एकदा ते पत्रक तरी वाचायचं."

"वाचायची वेळ गेली. आता लढायची आहे."

त्या दोघी खोरी घेऊन चाकांभोवतीचा चिखल काढू लागल्या. मी दुकानदाराला 'समाजाचा शत्रू' ठरवून उठलो, तेव्हा साडेआठ झाले होते. ट्रकसमोर उभा राहून मी हात वर केला. "मानसिंग, आता माझं ऐक. रिव्हर्स टाक. घाई नको. सोड!"

आणि काय सांगू! पुढच्या चाकांनी चिखल धरला, ट्रक एकदा हुंकारला आणि म्हैस डोहातून निघावी तसा मागे मागे कोरड्यावर आला. पावणेनऊला आमचा ऊस मोठ्या ट्रकात चढू लागला होता. बांधावरचा ड्रायव्हर म्हणाला, "पावनं लय जाणकार हाईत!" मानसिंगचे डोळे भरून आले. मी नम्रपणे चष्मा पुसला. ऑटोमॅटिक असता तर मागे येताना सुटला असता, हे मी तिथे जमलेल्या प्रत्येकाला दोनदा सांगितलं.

दारात ट्रक उभा केल्यावर नियमाप्रमाणे चकत्या लॉकवर न्यायला मी खाली उतरलो. उजवी आधीच लॉकवर होती. डावीही. मी मुकाट्यानं माहितीपत्रक काढलं आणि पहिलीच ओळ वाचली. लॉक केल्यावर चाक आसाशी जोडलं जातं आणि मगच ते ओढतं. फ्री केल्यावर ते नुसतं घरंगळतं. म्हणजे बैल, शिवळ आणि जू.

"चकत्या कोणी फिरवल्या?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"मी तर श्टेरिंगवर हुतो, दाजी."

"आमाला बायामानसांस्नी त्यातलं काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या. "आमी चिखल काढत हुतो."

अंजना भाकरी वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

'ग्राहकाच्या गळ्याला सुरी' हा मजकूर मी खिशातच ठेवला आणि माझी चिठ्ठी फाडून टाकायला ट्रकात चढलो. चिठ्ठी जागेवर होती. तिच्यावर, माझ्याच शबनममधल्या तांबड्या पेन्सिलीनं, 'फ्री' आणि 'लॉक' या दोन शब्दांभोवती एक नागमोडी रेघ ओढलेली होती. छापखान्यात शब्दांची अदलाबदल करायची असली की प्रुफावर करतात, तीच खूण. कुंडलात ती खूण ठाऊक असणारी माणसं त्या दिवशी दोनच होती, आणि त्यातला एक बांधावर पाठ करून बसला होता.

तेही मी सोडून दिलं असतं. पण 'चालवतांना' आणि 'करतांना' या दोन्ही शब्दांवरचे माझे अनुस्वारही खोडलेले होते. त्याबद्दल आजतागायत कोणीही कबुली दिलेली नाही.