प्रोटोकॉलचं पुस्तक आणि मी

मी खासगी गुप्तहेर; माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार चळाचळा कापतात. त्यांच्यापैकी एकही अजून मला भेटायला धजावलेला नाही, याहून मोठा पुरावा कोणता?

भाचीचा फोन आला तेव्हा मी रिकामा नव्हतो, विचार करत होतो.

"मामा, सोमवारी मुलाखत आहे, नेटवर्किंगच्या नोकरीची. मागच्या वेळी प्रोटोकॉल विचारले आणि माझी दातखीळ बसली. आता नाही जमलं तर बाबा मला दुकानातच बसवणार. अगदी पहिल्यापासून शिकवणारं पुस्तक हवंय. वाचनालयात येतोस?"

प्रोटोकॉल म्हणजे शिष्टाचार! तिथे पोचताच मी परदेशी राजदूताला कुठल्या खुर्चीवर बसवावं, यावरचा ग्रंथ शोधून तिच्या हाती दिला.

"मामा, हे कॉम्प्युटरचं नाहीये."

"अगं, यात हस्तांदोलन आहे, यजमान आहे!"

"ते आमच्या कॉम्प्युटरमध्येही असतात, हँडशेक आणि होस्ट. राजदूत नसतो."

कॉम्प्युटरच्या कपाटात या विषयाची पाच पुस्तकं निघाली. सगळ्यात जाड तेच सगळ्यात चांगलं, हा माझा सिद्धांत तिसऱ्याच ओळीत आडवा झाला. त्या ओळीत सात आद्याक्षरी शब्द होते आणि क्रियापद एकही नव्हतं. दुसरं पुस्तक कोरं करकरीत होतं.

"लोकांनी किती जपून वाचलंय बघ," मी भिंगातून पाहत म्हणालो.

भाचीने गुपचूप डोळे पुसले. तेव्हा मात्र मी भिंग खिशात ठेवलं. पोरीची हीही नोकरी हुकणार, असं वाटायला लागलं.

ग्रंथपालबाई शिक्के मारता मारता म्हणाल्या, "पानांच्या कडा बघा की. ते कोरं कुणी उघडलंच नाही. या तिघांची पहिली वीस पानं मळलीत, पुढे स्वच्छ. म्हणजे माणसं तिथूनच पळाली. हे निळं मात्र शेवटच्या पानापर्यंत मळलंय. म्हणजे ते कळतंय."

"मी हेच म्हणणार होतो," मी म्हणालो. भाची निळं पुस्तक घेऊन केव्हाच निघाली होती.

सोमवारी ती धावतच घरी आली.

"मिळाली, मामा! प्रोटोकॉल सोप्या भाषेत सांगा म्हणाले. मी म्हटलं, एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला आधी 'ऐकतोयस ना?' विचारायचं, समोरचा 'हो' म्हणाला की बोलायचं, आणि पोचलं का याची खात्री करायची."

"शाबास!"

"मग म्हणाले, हे पाळलं नाही तर काय होतं, घरातलं उदाहरण द्या. मी तुझं आणि त्या राजदूताच्या पुस्तकाचं दिलं. साहेब इतके हसले की पुढचे प्रश्नच विसरले."

थोडक्यात, पोरीला नोकरी मी लावून दिली.