एका शिंगाचा बैल

खोक्याच्या पाठीवर दोन थापा मारून "नीट जाय भो, पोचल्यावर कळव" असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. बरं, एखाद्या खोक्याला नाही हो, ट्रकमध्ये चढणाऱ्या प्रत्येक खोक्याला. दीडशे खोकी असली तर दीडशे वेळा. ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमायचा, पण जिभाऊच्या थापा चुकायच्या नाहीत. जणू घरातलं माणूस पहिल्यांदाच परगावी निघालंय.

सिल्वासाला, म्हणजे आमच्या बोलण्यात सेलवासला, मी लग्नानंतर आले. माझे मालक सरकारी शाळेत शिपाई होते. नरोलीच्या बाजूला तेव्हा शेतं जाऊन एकेक पत्र्याची शेड उभी राहत होती. त्यातल्या एका धाग्याच्या कंपनीत मी पॅकिंगला लागले. पॉलिएस्टरचा धागा वर मशिनवर पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळला जायचा, खाली आमच्याकडे यायचा. आम्ही बायका त्याला प्लास्टिकची पिशवी घालून खोक्यात रचायचो. वर तपासणीची चिठ्ठी टाकायची, झाकण बंद करायचं. मग ते खोकं जिभाऊपुढे जायचं. ब्रश आणि काळा रंग घेऊन त्यावर मार्का मारायचा, म्हणजे धाग्याचा नंबर, वजन, कुठल्या गावाला जाणार ते लिहायचं, हे त्याचं काम.

त्याचं खरं नाव वेगळं होतं. हजेरीच्या कार्डावर होतं ते. पण धुळ्याकडून आलेला हा माणूस पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून मोकळा झाला, "मला जिभाऊ म्हणा." त्यांच्याकडे मोठ्या भावाला, मानाच्या माणसाला असं म्हणतात. आता शेडमध्ये येऊन कुणी आपणहून मान मागून घेतो का? बायका हसल्या. पॅकिंगचे सुपरवायझर प्रवीणभाई तर म्हणाले, "पहेला दिवसथीज मोटाभाई?" पण त्यांनी एकदा कार्डावरच्या नावानं हाक मारली, तर जिभाऊनं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिसऱ्या हाकेला प्रवीणभाई हरले.

कंपनीनं आकडे लिहायला पत्र्याचे साचे दिले होते. साचा ठेवायचा, वरून ब्रश फिरवायचा, झालं. जिभाऊनं त्या साच्यांवर मिरच्या वाळत घातल्या. "साच्यातून काढलेला आकडा मुका असतो," म्हणायचा. आणि स्वतःच्या हातानं लिहायचा. त्याच्या साताला मिशी असायची. त्याचा आठ म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन बसलेली बाई. प्रवीणभाई कपाळाला हात लावायचे. "जिभाऊ, आ आठडो छे के बैरी बेठी छे?"

"बसू द्या ना भाऊ. लांब जायचंय तिला."

खोक्याची ही बाजू वर ठेवा, हे सांगायला बाण काढायचा असतो. जिभाऊ बाणाऐवजी हात काढायचा, वर बोट केलेला. एकदा त्या हातात बांगड्या दिसल्या. माझ्या शेजारी रांधा गावची सुकरी काम करायची, तिनं विचारलं, "हा कोनाचा रे हात?"

"तुझाच. समोर दिसला तो काढला."

सुकरी लाजली, पण दुसऱ्या दिवशी वाटेत भेटलेल्या चार बायकांना गेटपर्यंत घेऊन आली. ट्रक बाहेर पडताना बोट दाखवून म्हणाली, "बघा, माझा हात सुरतला चाललाय." ती स्वतः वापीच्या पुढे कधी गेली नव्हती.

मी स्वतः चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षरं मी त्या खोक्यांवरून शिकले. जिभाऊ लिहिता लिहिता सांगायचा, "ताई, हा घराचा आढा, हे तुटलेलं चाक, हा फणा." अजूनही इंग्रजी वाचताना मला आधी आढा, चाक आणि फणाच दिसतो.

पण खरी गंमत बाहेर नव्हतीच, ती झाकणाच्या आत होती. खोकी आमच्याकडे भरायला यायची तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला, चिकटपट्टी लागणार नाही अशा कोपऱ्यात, एक बैल काढलेला असायचा. हाताच्या पंजाएवढा. वशिंड, शेपूट, गळ्यात घुंगरू, सगळं बरोबर. फक्त शिंग एकच. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हा दिवसभराच्या खोक्यांवर बैल काढून ठेवायचा.

"जिभाऊ, याचं दुसरं शिंग कुठाय?"

"ते ज्याचं त्यानं काढायचं."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. कुणी विचारलं तरी तेच. सुकरीनं एकदा कोळशानं शिंग काढून दिलं, तर तो जन्मात पहिल्यांदा चिडला. ते खोकं त्यानं बाजूला सारलं, ट्रकमध्ये जाऊच दिलं नाही.

काही व्यापारी रिकाम्या नळ्या त्याच खोक्यांत भरून परत पाठवायचे. ती गाडी आली की जिभाऊ हातातलं काम टाकून धावायचा. एकेक झाकण उघडायचा, आत बघायचा, मिटायचा. मला वाटायचं, उंदीर-बिंदीर बघत असेल.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग कंपनीत कॉम्प्युटर आला. मुंबईहून दोन मुलं आली, काचेची खोली झाली, तिला थंड हवेचं मशिन लागलं. आम्हाला पंखा नव्हता, पण कॉम्प्युटरला गार हवा. आणि एक डबडं आलं, त्यातून पांढरे स्टिकर सुळुसुळू बाहेर पडायचे. नंबर, वजन, गाव, आणि खाली काळ्या रेघारेघा. सगळे स्टिकर एकसारखे. प्रवीणभाईंनी ब्रश आणि रंगाचा डबा कपाटात टाकला आणि जिभाऊला सांगितलं, आता हे चिकटवायचं.

आम्हाला वाटलं, हा भांडणार. तो नाही भांडला. स्टिकर हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. "चांगलं आहे. चुकत नाही," म्हणाला. बाहेरची बाजू गेली याचं त्याला फार काही वाटलं नाही. आतली होती ना. घरून दुसरा ब्रश आणून तो बैल काढतच राहिला.

मग ती आतली बाजूही गेली, आणि गेली ती अशी की हसावं का रडावं कळू नये. एका व्यापाऱ्यानं अख्खा माल परत पाठवला. कारण काय, तर खोक्यात एका शिंगाचा बैल आहे, म्हणजे हा दुय्यम प्रतीचा धागा असणार. पूर्वी काही ठिकाणी हलक्या मालावर आतून खूण करायची पद्धत होती, त्याला ती आठवली. बैलात खोट म्हणजे धाग्यात खोट! आणि त्याचं ऐकून आणखी दोघांनी भावात सूट मागितली.

शेठ स्वतः पॅकिंगमध्ये आले. शेठ पॅकिंगमध्ये आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी झाकण उघडून बैल बघितला. आवाज चढवला नाही. "आजपासून आत-बाहेर एक रेघ दिसली, तर त्या दिवशीचा हिशेब घेऊन घरी जायचं," एवढंच म्हणाले. जिभाऊनं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून बैल बंद. आणि त्याबरोबर थापाही बंद झाल्या. ट्रक भरायचा आणि निघून जायचा. स्टिकर चिकटवताना जिभाऊ कुणाशी बोलत नव्हता. सुकरीनं मुद्दाम हात त्याच्या तोंडापुढे नाचवला, नव्या बांगड्या होत्या, तरी वर बघितलं नाही. प्रवीणभाईसुद्धा दोनदा येऊन उगाच आठाची गोष्ट काढून गेले.

परत आलेला माल आम्हाला पुन्हा तपासून भरायचा होता. तिसऱ्या दिवशी मी एक खोकं उघडलं आणि तशीच उभी राहिले. बैलाला दोन शिंगं होती. दुसरं निळ्या बॉलपेननं काढलेलं.

मी झाकण फाडलं आणि पळत जाऊन जिभाऊच्या हातात दिलं. तो उठून खिडकीशी गेला. उजेडात धरून किती वेळ बघत होता. मग परत येऊन खाली बसला.

"त्याचं नाही वं ताई."

"कुणाचं नाही?"

तेव्हा पहिल्यांदा बोलला. बाप लवकर गेला. धाकट्या भावाला यानंच वाढवलं. पोळ्याला दोघं मातीचे बैल करायचे. सगळा बैल याचा, एक शिंगही याचं, दुसरं मात्र धाकट्याचं. धाकट्याचं शिंग कायम आत वळलेलं, डोळ्यात जाईल असं. गावभर हसायचे त्या बैलांना. मग धाकटा दहावीला बसणार नाही म्हणाला, आणि यानं भर चौकात, चार लोकांसमोर त्याच्या कानाखाली मारली. दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन निघाला. पुढे कुणीतरी सांगितलं, मागावर काम करतो. मालेगाव, भिवंडी, सुरत, इचलकरंजी, कुठल्या ते माहीत नाही.

"मागावर आहे म्हणजे धागा उघडत असणार," जिभाऊ म्हणाला. "आपला धागा सगळीकडे जातो. म्हणून इथं लागलो."

त्यानं झाकण खाली ठेवलं.

"निघाला तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो, ताई. तो थांबला पण थोडा. पोचल्यावर कळव, एवढं पण म्हटलं नाही मी त्याला."

थोड्या वेळानं त्यानं ते झाकण पुन्हा हातात घेतलं. त्या निळ्या शिंगावरून बोट फिरवलं. "पण हे पण कुणीतरी बसून काढलंय. नीट काढलंय," म्हणाला, आणि घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवलं.

त्या दिवशी मी आणि सुकरीनं चहाच्या सुट्टीत एक काम केलं. तपासणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून त्याच्यापुढे ठेवला. चिठ्ठी कॉम्प्युटरच्या हद्दीत येत नव्हती, ती आम्ही हातानं टाकायचो. आणि तिची मागची बाजू कोरी होती. जिभाऊनं आमच्याकडे बघितलं. मग कानावरची पेन्सिल काढली.

आठवड्यानं प्रवीणभाईंनी बघितलंच. चिठ्ठी उचलली, उलटली. त्यांनी ती परत खोक्यात ठेवली. "ऊंधी मूकजो, बेन," एवढं म्हणाले आणि पुढे गेले. उलटी ठेवा. संध्याकाळी ट्रक लागला तेव्हा आम्हाला थापा ऐकू आल्या.

पुढे तीन वर्षांनी गुडघे गेले म्हणून जिभाऊ गावी परतला. जाताना उरलेल्या पेन्सिली मला दिल्या आणि बजावलं, "आत वळलेलं आलं तर कळव." बैल मी काढू लागले. माझा बैल शेळीसारखा दिसायचा, पण शिंग मी एकच काढायची.

रिकाम्या खोक्यांच्या तळाशी कधी कधी चिठ्ठ्या चिकटून परत यायच्या. बहुतेकींवर काही नसायचं. वर्षातून दोन-तीनदा शिंग असायचं. एकदा मागाच्या तेलानं काढलेलं. एकदा शिंगाला गोंडा लावलेला. एकानं तर बैलाला गवत घातलं होतं. सगळी शिंगं सरळ. प्रत्येकाचं मी जिभाऊला पत्र लिहिलं. आयुष्यात आधी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं मी. लिहायची, "जिभाऊ, आज एक आलं. सरळ आहे."

त्याचं कार्ड यायचं. तारखेत कधी मोळीवाली बाई बसलेली असायची, कधी मिशीवाला सात. मजकूर मात्र प्रत्येक वेळी तोच.

"पोचलं. सरळ असलं तरी टाकून देऊ नको."